अनुपान

दंतवैद्यांकडून आलेले जबड्यांचे साचे रोज सकाळी त्या कारखान्यातल्या लांब टेबलावर मांडले जात. कारखाना म्हणायचा तो केवळ रीतीने. वस्तुतः एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत प्लास्टर आणि मेण. मागच्या खोलीत भट्टी, घासण्याची यंत्रे आणि त्यांतून उडणारी गुलाबी धूळ. येथे कवळ्या तयार होत. त्या कोणाच्या मुखात जायच्या हे येथे कोणालाच ठाऊक नसे, म्हणून कामगारांनी आपल्या मनानेच बारशी उरकून टाकली होती. पुढे आलेल्या हनुवटीचा साचा आला की तो ‘निवृत्त हेडमास्तर’. डाव्या बाजूने झिजलेला आला की ‘एका गालाने जेवणारे आजोबा’. आणि जी कवळी कितीही वेळा दुरुस्त केली तरी ‘टोचते’ म्हणून परत येई, तिचे नाव अर्थातच ‘सासूबाई’.

या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला ती बसे. स्पिरिटच्या दिव्यावर सुरीचे पाते तापवायचे, मेण हळुवार सैल करायचे आणि त्यात कृत्रिम दात एकेक करून उभे करायचे, हे तिचे काम. तिला सगळे मेणबाई म्हणत. नवशिके कारागीर दात सैनिकांसारखे एका ओळीत लावत. ती मात्र एखादा दात केसभर कलता ठेवी, दुसऱ्याला किंचित मागे सारी. खऱ्या दातांना एवढी शिस्त नसते, असे ती म्हणे. तिने लावलेली कवळी तोंडात गेली की माणसाला आपले हसू परत मिळाल्यासारखे वाटते, असे एक वृद्ध दंतवैद्य सांगत. ती स्वतः मात्र ओठ मिटूनच हसे.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा होता. शहरातल्या उंच इमारतींत त्याला मान होता, आणि तो अकारण नव्हता. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, आत कोणी म्हातारी घाबरून रडू लागली, की हा बंद दाराला तोंड लावून बोलू लागे. घाबरू नका, आजी, मी इथेच आहे, आता पंखा लागेल बघा, तुमच्या नातवाचं नाव काय म्हणालात. त्या आवाजात विलक्षण मार्दव होते. माणसे बाहेर आल्यावर त्याचे हात धरीत. लोक त्याला लिफ्टदादा म्हणत. आणि ज्याच्या मुखातून इतकी कोमल वाणी निघते त्याच्या घरी काही वावगे घडत असेल, हे कोणाच्या स्वप्नातही येण्यासारखे नव्हते.

घडत होते ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून. दार उघडायला उशीर झाला, एवढ्यावरून पहिली थप्पड बसली. मग निमित्ताची गरज उरली नाही. हे आधी सांगणे न्यायाचे आहे, कारण पुढे जो आजार त्या घरात आला त्याच्या माथ्यावर हे पाप लोटण्याचा मोह पुष्कळांना होईल. त्याच आजाराची कितीतरी माणसे त्याच शहरात आपल्या बायकामुलांशी सौजन्याने संसार करीत होती. आजाराने त्याला हात उगारायला शिकवले नाही. आजाराने त्याच्या हाती एक नवे शस्त्र मात्र दिले.

एका लांबलेल्या तापात रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि एचआयव्ही असल्याचे कळले. पहिल्या दिवशी त्याने ते तिच्यापासूनच आले असे ठरवून टाकले. तिची तपासणी झाली; ती निर्दोष निघाली. तिच्या निर्दोषपणाची शिक्षा त्याने दुसऱ्या दिवशी केली. त्यात तिचा पुढचा एक दात गेला.

तो दात तिने स्वतःच बनवला, काढता-घालता येईल अशा पट्टीवर. जेवणाच्या सुट्टीत आपल्याच जबड्याचा साचा घेऊन, आपल्याच दिव्यावर. कारखान्याचे मालक हे थट्टेखोर वृद्ध गृहस्थ. त्यांनी तो साचा ओळखला, काय झाले म्हणून विचारले. न्हाणीघरात पाय घसरला, असे ती म्हणाली. मालक बराच वेळ प्लास्टर ढवळत राहिले. मग म्हणाले, “मेणबाई, हल्लीच्या न्हाणीघरांना हात फुटलेत वाटतं.” तिने पट्टी घासायला घेतली. तेव्हा त्यांनी ती एका दाताची पट्टी तिच्या हातून घेतली आणि मागच्या खोलीत जाऊन, जे काम ते कित्येक वर्षांत स्वतः करीत नव्हते ते केले: पट्टीला आरशासारखी झिलई दिली.

औषध सुरू झाले. रोज संध्याकाळी जेवणानंतर एक गोळी, आणि ती आयुष्यभर. गोळी नेमाने घेतली तर विषाणू रक्तात इतका दबून राहतो की माणूस दीर्घायुषी होतो आणि त्याच्यापासून जोडीदारालाही लागण होत नाही. गोळी चुकू लागली की मरणाची आणि लागणीची अशी दोन्ही कवाडे सताड उघडतात. दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी हे दोघांना समोर बसवून सांगितले. ताई मनाने स्वच्छ, कामाने अथक. रोग्याला एकटे पडू द्यायचे नाही, म्हणून त्यांनी त्या दवाखान्यात एक प्रघात पाडला होता: प्रत्येक रोग्यामागे घरातले एक माणूस ‘सोबती’ म्हणून उभे राहील, आणि रोजची गोळी सोबत्याने आपल्या हाताने द्यायची. हातातून हातात दिलेले औषध चुकत नाही, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी मेणबाईचा तळवा आपल्या हातात घेऊन त्यावर पहिली गोळी ठेवली. त्यामागे करुणाच होती.

आपल्या जुन्या वैद्यकात अनुपान म्हणून एक गोष्ट सांगितलेली आहे. औषध ज्याच्या संगतीने घ्यावयाचे ते अनुपान. कधी मध, कधी दूध, कधी नुसते कोमट पाणी. औषधाला ते शरीरात वाहून नेते आणि स्वतः विरून जाते. त्या घरात गोळीचे अनुपान ती झाली.

कारण त्याला थोड्याच दिवसांत उमगले की गोळी तिच्या हातात असली तरी तोंड आपले आहे. जेवण उरके. ती पेला आणि गोळी घेऊन त्याच्यापुढे उभी राही. तो ओठ मिटून बसे. नुसता बसे. मग ती विचारी, काय चुकले. मग तो सांगे. आज कारखान्यातून यायला उशीर का झाला. त्या म्हाताऱ्या मालकाशी कसला हसतेस. आईच्या ताटात वाढताना तोंड का वेंगाडलेस. ती कबूल करी. न केलेलेही कबूल करी. माफी मागे, पाय धरी. त्याचे समाधान झाले तर तो तोंड उघडी. कधी आधी हात चालवी आणि मग, त्या श्रमाने शांत झाल्यासारखा, तोंड उघडी. इतर कोणतेही संरक्षण वापरायला त्याने साफ नकार दिला होता. म्हणजे त्याच्या जिभेवर ती गोळी पडली तर तो जगे आणि ती निरोगी राही. आपल्याच आरोग्याची भीक ती रोज संध्याकाळी त्याच्या मिटल्या ओठांपाशी मागत होती.

एकदा ती माहेरी निघून जाण्याची भाषा बोलली. तो रागावला नाही. लिफ्टच्या दाराशी बोलावे तसा मऊपणे म्हणाला, “जा की. मी कुठे अडवतोय? फक्त तू गेलीस की गोळी गेली. मग लोकांना सांगत बस, नवरा कशाने मेला ते.”

सासू त्याच खोलीत, पडद्यापलीकडे राहत होती. तिला ऐकू कमी येते असे सर्वांचे मत होते आणि तिनेही ते कधी खोडून काढले नव्हते.

अशी वर्षे गेली. त्याचे रक्ताचे निकाल उत्तम येत राहिले, तिचेही निर्दोष. दवाखान्यात हे जोडपे आदर्श ठरले. चांगले निकाल पाहून चांगल्या घराचे अनुमान काढायचे, ही चूक त्या दवाखान्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातून घडली नसती. कारण तेथे निकाल चांगले यावेत म्हणूनच सगळे जीव टाकत होते. ताई तिच्याकडे पाहून इतर बायकांना म्हणत, शिका हिच्याकडून. ती ओठ मिटून हसे. सांगणार कसे? सांगितले तर ताई त्याला बोलावणार, समज देणार. त्या दिवशी संध्याकाळी गोळी बंद. एकाच वाक्यात त्याचा प्राण आणि आपला बचाव दोन्ही जाणार, हे तिचे गणित होते, आणि त्यात कोठे चूक काढावी हे तिला सुचत नव्हते.

पुढे ताईंनी नव्या रोग्यांसाठी एक मेळावा भरवला. संध्याकाळची वेळ मुद्दाम ठेवली. सर्वांनी आपापली गोळी बरोबर आणायची, म्हणजे वेळ चुकणार नाही. दवाखान्याच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. नवी माणसे भिंतीकडे बघत बसली होती. प्रथम एक शिंपी बोलला. त्याची बायको शेजारीच होती. त्याने सांगितले की आपण गोळी विसरतो पण चहा विसरत नाही, म्हणून हिने गोळ्यांची डबी साखरेच्या डब्यात ठेवली आहे. एकदा पाहुण्याला साखरेऐवजी गोळीच वाढायची बाकी होती. बायको म्हणाली, पाहुणा तुमचा भाऊ होता, म्हणून हात थांबवला, नाहीतर दिलीच असती. खोलीत पहिल्यांदा हशा पिकला. मेणबाई त्या दोघांकडे पाहत राहिली. त्याच आजाराच्या, त्याच गोळीच्या घरात असेही बोलता येते, हे तिने डोळ्यांनी पाहिले.

मग लिफ्टदादा उठला. त्या आवाजात बोलला. आपण अंधारात अडकलो होतो, कोणी दार उघडील अशी आशा नव्हती, आणि हिने उघडले, असे म्हणाला. पुढच्या रांगेतली एक बाई पदराने डोळे पुसू लागली. वेळ झाली होती; त्यांनी मेणबाईला हाक मारली आणि गोळी कशी देता ते सर्वांना दाखवा म्हणून सांगितले.

ती पेला आणि गोळी घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. आणि त्याने तोंड उघडले.

लगेच उघडले. चार माणसांसमोर, लहान मुलासारखे, आ करून. घरी ज्या तोंडापुढे ती ताटकळत उभी राही, ते असे सहज, विनाअट, उघडते हे तिने प्रथमच पाहिले. गोळी त्याच्या जिभेवर ठेवणे एवढेच तिला करायचे होते. तिचा हात अर्ध्या वाटेवर थांबला. मग तिने त्याचा तळवा सरळ केला, त्यावर गोळी ठेवली, शेजारच्या खुर्चीवर पेला ठेवला आणि म्हणाली, “तुम्ही घ्या. तुमच्या हाताने.”

खोलीतल्या कोणालाही त्यात विशेष वाटले नाही. त्याला मात्र वाटले. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिले आणि आज घरी गेल्यावर काय होणार ते तिला स्वच्छ दिसले. तो हसला, गोळी गिळली, रिकामा तळवा सर्वांना दाखवला. टाळ्या पडल्या.

ती बाहेरच्या बोळवजा जागेत गेली. ताई मागोमाग आल्या. काय झाले, बरे वाटत नाही का, म्हणू लागल्या. तेव्हा मेणबाईने सगळे सांगितले, आणि आता घरी जाणार नाही हेही. सलग नाही, तुटक, मागचे पुढे करून. ताई ऐकत होत्या, आणि त्यांच्या तोंडून जे पहिले वाक्य निघाले ते असे होते, की पण तुम्ही निघालात तर त्यांचं औषध तुटेल हो. निकाल इतके छान आहेत, थोडी कळ काढा, मी समजावते त्यांना.

मेणबाईने तोंडात बोट घालून ती एका दाताची पट्टी काढली आणि ताईंच्या हातावर ठेवली. तो दात तिने इतका खरा बनवला होता की इतकी वर्षे समोर बसून ताईंना त्याचा संशय आला नव्हता. आता ती बोलू लागली तेव्हा त्या फटीतून शब्द सांडत होते. “इथे येण्याच्या आदल्या दिवशी तो तोंडावर मारत नाही, ताई. निकालाला यायचं असतं ना.”

ताई बाकावर बसल्या. त्या म्हणाल्या, “मीच तुमच्या हातात दिली होती ती गोळी.” मग त्या उठल्या, कारण बसून राहण्याची वेळ नव्हती. एकट्या बायकांना उतरायला मिळे असे एक वसतिगृह जवळ होते. तेथे फोन केला. बाहेर तो वाट पाहत उभा होता. ताईंनी जाऊन सांगितले की ती आज घरी येणार नाही. त्याने आवाज चढवला नाही. खिशातून गोळ्यांची बाटली काढली आणि दाराजवळच्या टेबलावर ठेवली. “बरं,” तो म्हणाला. “सोबती ठेवून घेतलीत, तर हीही ठेवून घ्या.”

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः ती बाटली त्याच्या घरी घेऊन गेल्या. तो घरी नव्हता. म्हातारीने ती घेतली आणि पडद्यामागे ठेवली.

मेणबाई कामावर जात राहिली. दिवे लागायच्या सुमारास कारखान्यातला फोन वाजे. तो असे. तोच आवाज, तेच मार्दव. घाबरू नकोस, मी कुठे रागावलोय, एवढंच सांगायला फोन केला की आजची राहिली. बस, इतकेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा: आजचीही राहिली. ती रिसीव्हर कानाला लावून उभी राही. ठेवायचे धैर्य होत नसे, कारण ठेवला तर उद्याची राहील असे वाटे. तिच्या हातातले मेण थिजून जाई. ज्या हाताला केसभर कल साधत होता तो वाकडे दात लावू लागला. तिच्या कवळ्या परत येऊ लागल्या. मालक त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. एक दिवस मात्र फोन त्यांनी घेतला, ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, “हे बघा, इथे चावायची सोय करतो आम्ही. गिळायची ज्याची त्याने करायची.” आणि तार भिंतीतून उपटली.

फोन थांबला, पण बातमी थांबली नाही. त्याच्या कामावरच्या एकाने सांगितले, दादा वाळलाय. वसतिगृहाच्या दाराशी त्याचा आतेभाऊ येऊन म्हणाला, तुला झोप कशी लागते. तिला लागतच नव्हती. ताई येत, समजावत: त्यांची गोळी हे त्यांचं कर्तव्य आहे, तुमचं नाही. शब्द खरे होते; परंतु ज्या देहाला कित्येक वर्षे दुसऱ्याच्या प्राणाची जामीन म्हणून गहाण ठेवले, तो एका वाक्याने सुटत नाही. काही महिन्यांनी तिची रक्ततपासणी झाली. ती निर्दोषच आली. त्या कागदाकडे पाहून तिला आनंद होईना. तो निर्दोषपणा राखला होता त्याच गोळ्यांनी.

अखेर एके दुपारी म्हातारी कारखान्यात आली. इतक्या वर्षांत ती प्रथमच तेथे येत होती. साच्यांच्या टेबलाशी, त्या सगळ्या उघड्या जबड्यांपुढे, मालकांनी तिला खुर्ची दिली आणि ते मागच्या खोलीत गेले. म्हातारी घरून ठरवून आलेले बोलली. तो खात नाही, खोकला जात नाही, कामावर बोलावणे येते तर दार उघडत नाही. बाटली तशीच आहे. मी दिली तर तोंड मिटतो; म्हणतो, तिच्या हातून घेईन. बाई गं, त्याचा जीव तुझ्या मुठीत आहे. एकदा ये. एकदाच दे.

मेणबाईने दिवा विझवला. ती म्हणाली, “आई, तुम्हाला कमी ऐकू येतं का खरंच?”

म्हातारीची नजर टेबलावरून हलली नाही. “नाही,” ती म्हणाली.

“मग मी तिथे आले तर काय होईल, हे तुम्हाला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे.” म्हातारीचे डोळे कोरडे होते. “तरी म्हणते, चल. मी त्याची आई आहे. दुसरं काय म्हणू मी?”

एवढा प्रामाणिक अन्याय तिच्याशी आजवर कोणी केला नव्हता. टेबलाला धरून ती उभी राहिली. जावे, दोन पायऱ्या चढाव्या, पेला भरावा, तो म्हणेल ते कबूल करावे; म्हणजे हा माणूस जगेल, ही म्हातारी पुत्रवती राहील, आणि सगळे पूर्ववत होईल. पूर्ववत या शब्दापाशी ती थांबली. “मी येणार नाही,” ती म्हणाली, आणि पुन्हा, जणू पहिल्यांदा म्हणणारी दुसरीच कोणी होती, “मी येणार नाही, आई.”

म्हातारी उठली. दारापर्यंत गेली. चौकटीला हात लावून, पाठमोरीच, तिने विचारले, “ती जेवणाआधी द्यायची की नंतर?”

इतकी वर्षे पडद्यापलीकडे बसूनही तिला ते माहीत नव्हते. उत्तर मेणबाईच्या ओठांवर आले. किती लहान उत्तर, एक शब्द. पण त्या एका शब्दाच्या मागोमाग दुसरा येणार होता, पाणी कसे द्यायचे, मग तिसरा, तो ओठ मिटून बसला तर कसे उभे राहायचे, आणि अखेर ती स्वतः. ते उत्तर तिने गिळले. घशात काही धारदार उतरावे तसे ते उतरले.

“त्यांना विचारा,” ती म्हणाली. “त्यांना माहीत आहे.”

म्हातारी पायऱ्या उतरून रस्त्याला लागली. त्या दिवशी संध्याकाळी तिने मुलाला विचारले की नाही, आणि त्याने तोंड उघडले की नाही, हे मेणबाईला कळले नाही. कळवू नका, असे तिने ताईंना हात जोडून सांगून ठेवले होते.